गुढीच्या दोन काठ्या

माझ्या सासूने मला लाटण्याने मारलंय, उलथन्याने मारलंय. एकदा वरवंटा उगारला होता तो मी मनगटावर झेलला, म्हणून आजही थंडीत ते मनगट ठणकतं. हे मी कुणाला दया यावी म्हणून सांगत नाहीये. मीही काही गरीब गाय नव्हते. ती हात उचलायची आणि मी तोंड उघडायचे, आणि माझं तोंड उघडलं की तिसऱ्या मजल्यावरचे लोक गॅलरीत येऊन उभे राहायचे. तर सांगायचं एवढंच, की याच बाईला पुराच्या पाण्यातून जिवंत वर कसं न्यायचं, या एका गोष्टीच्या मागे मी नंतर हात धुवून लागले. का लागले ते मला विचारू नका. म्हणजे विचारा, पण मला नीट सांगता येणार नाही.

बदलापूर पश्चिमेला मांजर्लीत आमचा तळमजल्याचा फ्लॅट. घेताना स्वस्तात मिळाला. का स्वस्त, ते पुढे एका पावसाळ्यात कळलं. नवरा अंबरनाथला कंपनीत शिफ्टला जायचा, मी उल्हासनगरहून जीन्सचं शिलाईकाम घरी आणायचे, आणि सासू आम्हा दोघांवर राज्य करायची. मग एक दिवस ती चहाचा कप हातात घेऊन बसल्या जागी कलंडली. अर्धांगवायू. डावी बाजू गेली, बोलणं गेलं, राहिले ते दोन-तीन शब्द आणि उजवा हात. उजवा हात तसाच्या तसा मजबूत राहिला. नशीब बघा माझं! तिला पुसायला, भरवायला जवळ जावं तर त्याच हाताचा फटका बसायचा.

त्याच वर्षी नदी घरात आली. सकाळी दूध तापवत होते तर बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी वर यायला लागलं. आम्हाला वाटलं गटार तुंबलं. नवरा खराटा घेऊन गटार मोकळं करायला बसला, शहाणा! तोवर दारातून पाणी आत. मग काय, सगळं एकदम. फ्रिज आडवा झाला आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर आदळला. शेजारचा सिलिंडर भिंतीवर धाडधाड आपटत होता, तो कधी फुटेल याचा नेम नव्हता. आम्ही सासूला ओट्यावर चढवलं आणि दोघं तिला धरून उभे राहिलो. पाणी माझ्या छातीशी, तिच्या मांडीशी, मग पोटाशी. ती मला मारत होती आणि मी तिला शिव्या देत होते आणि दोघी रडत होतो.

वरच्या मजल्यावरची माणसं शेवटी पोहत आली, भली माणसं. पण त्यांनी तिला काखेत हात घालून ओढली. मेलेल्या खांद्यात जोर नसतो, तो सांधा कडकन निखळला. तिची ती किंकाळी मी अजून ऐकते. डॉक्टरने नंतर सांगितलं, यांना परत असं उचलायचं नाही, खांदा पुन्हा निखळेल आणि एवढ्याने जीवही जाऊ शकतो. मग पुढच्या वेळी उचलायचं कसं, ते काही त्याने सांगितलं नाही.

पुढची वेळ येणार हे मला पक्कं ठाऊक होतं. घर विकायचं म्हटलं तर पूर आलेलं घर घेतो कोण? तेव्हा मी ठरवलं, आता रडायचं नाही, तयारी करायची.

पैसा नव्हता. मग दर महिन्याच्या वाणसामानात एकेक वस्तू घुसवायला लागले. या महिन्यात झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, पुढच्या महिन्यात मेणबत्त्या आणि काडेपेट्या, त्याही डब्यात. तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन शेजारणींकडून मागून आणले, गरम पाण्याने आणि लिंबाने धुतले आणि प्यायचं पाणी भरून माळ्यावर ठेवले. दर शनिवारी बदलायचं. फुटाणे, गूळ, खजूर. मीठ-साखरेच्या पुड्या बांधून ठेवल्या. सासूच्या गोळ्यांची एक पट्टी कायम डब्यात. कागदपत्रं जाड प्लास्टिकमध्ये, तोंड मेणबत्तीवर वितळवून बंद. एक शिट्टी, ती मात्र जत्रेतली. मेन स्विच अंधारात चाचपडून बंद करायची सवय केली, डोळे मिटून करून बघायचे. रेग्युलेटर काढून सिलिंडर ग्रिलला साखळीने बांधायला शिकले. बाथरूमच्या जाळीत कोंबायला वाळूची पिशवी शिवली, जीन्सच्याच कापडाची. नवरा हसायचा. ‘युद्धाला निघालीस का?’ म्हणायचा. मी म्हणायचे, ‘हो, आणि तुम्ही बिनकामाचे सैनिक.’

पण खरा प्रश्न सासूचा होता. बाकी सगळं वाहून गेलं तरी चालेल, ही बाई खांदा न निखळता जिना कशी चढणार? 

माझं माहेर बारवी धरणाकडच्या पाड्यावर. तिथे गाडी जायला रस्ता नव्हता तेव्हापासून बाळंतीण असो नाहीतर साप चावलेला गडी असो, चादरीची झोळी करायची, एका बांबूला लटकवायची आणि खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत पळायचं. मी स्वतः लहानपणी अशा झोळीमागून धावलेय. म्हटलं, हेच करू. पण एका बांबूची झोळी आमच्या अरुंद जिन्यात झुलणार, सासूचा खांदा भिंतीवर आपटणार. म्हणून मी डोकं चालवलं आणि दोन बांबू ठरवले. मधे जीन्सचं दुहेरी कापड, दोन्ही कडांना बांबू सरकवायला नेफा, आणि माणूस घसरू नये म्हणून वर बांधायला पट्टे. उल्हासनगरच्या बाजारातून कटपीस आणले आणि मशीनवर अशी शिवण मारली की बैलाने ओढलं तरी उसवणार नाही. भावाने कुंपणातले दोन भक्कम बांबू तासून आणून दिले. 

इथेच माझी चूक झाली. एका बांबूला कुणी काही म्हणत नाही. दोन बांबू, मधे कापड, वर बांधायला पट्टे, आणि हे सगळं आजारी माणसाच्या पलंगाखाली. अहो, मला खरंच सुचलं नाही! मी शिवणकाम बघत होते. बाकीच्यांना जे दिसलं ते वेगळंच दिसलं.

आधी मी त्यावर तांदळाचं पोतं ठेवून नवऱ्याला दुसरं टोक धरायला लावलं. ठीक झालं. मग म्हटलं, आता आई. तिला अलगद कुशीवर वळवून खाली कापड सरकवलं. तिने मान वळवून बघितलं. एक बांबू इकडे, एक बांबू तिकडे. आणि ती जी ओरडली! शब्द फुटत नव्हता, नुसता घशातून आवाज, आणि उजव्या हाताने तिने माझे केस धरले ते सोडेचना. नेमकी त्याच वेळी नणंद दारात. माझ्याहून थोरली, पूर्वेला कात्रपला राहते, आईवर जीव. तिने बघितलं काय, तर आई तिरडीवर आणि मी वरून पट्टे आवळतेय.

‘जिवंत आईला बांधतेस रांडे?’ एवढंच म्हणाली आणि माझ्या अंगावर आली.

मग झालं ते महाभारत. तिने माझं डोकं कपाटावर आपटलं. मी तिच्या दंडाचा चावा घेतला, अगदी रक्त येईपर्यंत. नवरा मधे पडला, आणि मधे पडून त्याने काय केलं असेल? माझ्याच कानाखाली काढली. बहिणीसमोर मर्दुमकी! माझ्या डोक्यात तिडीक गेली. हाताला खलबत्त्यातला बत्ता लागला तो फेकून मारला. भुवई फाटली त्याची, टाके पडले. दारात सगळी बिल्डिंग जमलेली, कुणी म्हणतंय पोलिसांना बोलवा, कुणी म्हणतंय अशी कशी सून, घरात तिरडी बांधून ठेवते. नणंदेने बांबू ओढत कंपाउंडमध्ये नेले आणि तिथल्या माळीकाकांचा कोयता घेऊन त्यांचे तुकडे तुकडे केले. एकेका घावाला मला शिवी. मी उंबऱ्यात बसून बघत होते, नाकातून रक्त गळत होतं. कापड तेवढं वाचलं, कारण ते सासूच्या अंगाखाली होतं.

महिनाभर आमच्या घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी कॅनमधलं पाणी बदलत होते. दर शनिवारी.

आणि मग पाडवा आला. पाडव्याच्या आदल्या दिवशी बाजारात गुढीच्या काठ्यांचे भारे लागलेले बघितले आणि मी तिथेच, भर रस्त्यात, एकटी हसायला लागले. भावाला फोन केला. ‘दादा, गुढीला काठी आण. दोन आण. मागच्या वेळेसारख्याच जाड.’

तो म्हणाला, ‘दोन कशाला गो? गुढी एकच लावतान.’

‘नवस आहे,’ म्हटलं.

मी दोन गुढ्या उभारल्या. एक दारात, एक स्वयंपाकघराच्या खिडकीत. रेशमी खण, कडुलिंब, साखरेच्या गाठी, वर तांब्या उपडा, सगळं यथासांग. बांबूंना हळद-कुंकवाची बोटं ओढली. नणंद सणाला आली, तोंड फुगवून का होईना आली. दाराशी थबकली. ‘दोन?’ म्हणाली. ‘आईंना बरं वाटावं म्हणून,’ मी म्हटलं, आणि त्यात खोटं काय होतं? तिने दोन्ही गुढ्यांना वाकून नमस्कार केला. मी आत जाऊन श्रीखंड वाढताना ओठ चावत होते. संध्याकाळी गुढ्या उतरवल्या आणि हळद-कुंकू लागलेले बांबू दाराआड उभे करून ठेवले. आता त्यांना कोयता लावायची कुणाची काय बिशाद!

सासू मात्र रोज त्या दाराकडे बघायची. तिला कळलं होतं की नाही, देव जाणे.

नदी परत आली ती श्रावणात, भर दुपारी. आदल्या दिवसापासून पाऊस कोसळत होता. नणंद आईला बघायला आली होती ती अडकून पडली, कारण तिकडचा रस्ता बंद. नवरा अंबरनाथला कंपनीतच अडकलेला. घरात आम्ही तिघी. आम्ही दोघी मधे सासू ठेवून एकमेकींकडे न बघता जेवत होतो, तेवढ्यात बाथरूममधून तो आवाज आला. गुडगुड. 

मी उठले. वाळूची पिशवी जाळीत कोंबली, वर पाटा ठेवला. मेन स्विच बंद. रेग्युलेटर काढला, सिलिंडर साखळीने बांधला. डबा आणि कॅन जिन्यात वर नेऊन ठेवले. हे सगळं माझे हातच करत होते, मी नुसती सोबत होते. परत आले तर नणंद घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून किंचाळतेय, ‘आईला ओट्यावर घ्या! कुणीतरी या! आईला ओट्यावर घ्या!’ आणि आईच्या काखेत हात घालायला निघाली. त्याच काखेत.

मी तिच्या मुस्काटात ठेवून दिली. अशी दिली की ती भिंतीवर गेली.

‘तो खांदा ओढलास तर तू मारशील तिला. ऐकतेस का? तू मारशील!’

आयुष्यात पहिल्यांदा मी तिला अरेतुरे केलं. दाराआडचे बांबू काढले आणि नेफ्यात सरकवले. ती बघत राहिली. हळदीची बोटं अजून दिसत होती.

‘ही तर गुढीची...’

‘हो. धर टोक.’

सासूला सरकवून वर घेतलं, पट्टे बांधले. तिने मला ओरबाडलं, ओठावर बुक्की मारली, ओठ फाटला, तोंडात रक्ताची चव आली. मी बांधत राहिले. पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं आणि त्यात ओढ होती, नदीची ओढ. पाय टेकेल तिथली फरशी सुटल्यासारखी वाटायची. नणंद दाराकडच्या टोकाला होती म्हणून ती पुढे निघाली, आईचे पाय त्याच टोकाला.

पॅसेजमध्ये आलो आणि सासू वेडीपिशी झाली. मान झटकायला लागली, उजवा हात हवेत मारायला लागली, पट्ट्यातून उसळायला लागली. दोघींच्या हातातून सुटणार अशी अवस्था. आणि मग तिच्या तोंडून, दोन वर्षांत कधी नाही तो शब्द आला.

‘पाय.’

मला एक क्षण कळेना. मग कळलं. घरातून पाय पुढे करून फक्त मढं काढतात.

‘फिरव,’ मी ओरडले.

‘काय?’

‘फिरव तिला! डोकं पुढे कर! नाहीतरी जिन्यात डोकंच वर पाहिजे. फिरव!’

कमरेएवढ्या पाण्यात, वाहत्या पाण्यात, आम्ही तिला गोल फिरवली. तेवढ्यात कंपाउंडची भिंत पडली. आवाज आला आणि पाठोपाठ पाण्याचा एक लोंढा, त्यात विटा, कुंड्या, कुणाची तरी खुर्ची. एक वीट माझ्या बरगडीत बसली. मी बांबू सोडला नाही. नणंद भिंतीवर आदळली, तिच्या कपाळाला खोक पडली, तिनेही सोडला नाही. आता डोक्याकडे ती, पायाकडे मी. आणि सासू शांत झाली. तिने उजव्या हाताने बांबू धरला, गच्च, आणि डोळे उघडे ठेवून वर बघायला लागली.

जिन्याच्या तोंडाशी दुसऱ्या मजल्यावरचा एक बाप्या आपली मोटरसायकल पायऱ्यांवर चढवत होता. ती अर्धी वर, अर्धी पाण्यात, जिना बंद. ‘दोन मिनिट थांबा, गाडी नवीन आहे,’ म्हणाला. हे त्याने आम्हाला सांगितलं. त्या अवस्थेत! मी काही बोलणार तोच नणंदेने त्याच्या कमरेत अशी लाथ घातली की तो आणि त्याची नवीन गाडी दोघे बाजूला पाण्यात. गाडीचं हँडल माझ्या मांडीला ओरबाडून गेलं. तिने मागे वळून बघितलंसुद्धा नाही. ‘चल वहिनी,’ म्हणाली.

वळणावर बांबू कठड्यावर घासून तिरका घ्यावा लागला. खांद्याला धक्का लागला नाही. शिवण उसवली नाही. दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये आम्ही तिला खाली ठेवलं आणि मी तिथेच आडवी झाले. खाली आमच्या घराची खिडकी बुडताना ऐकू येत होती, काचा फुटत होत्या. मी रांगत जाऊन डबा उघडला. सगळं कोरडं. सासूची गोळी दिली, कॅनमधलं पाणी पाजलं. मग नणंदेला दिलं. ती रक्ताळलेल्या तोंडाने गटागटा प्यायली आणि फुटाणे खाताना हमसून हमसून रडायला लागली. 

मी सासूचे पट्टे सोडायला वाकले. तिने उजवा हात उचलला. मी सवयीने मान खाली घातली. आणि तिने मारलंच, टाळूवर. पण फार जोरात नाही.

ती त्यानंतर दीड वर्ष जगली. पुढच्याच्या पुढच्या थंडीत, एका सकाळी, तिच्या बिछान्यात गेली. कोरड्या घरात. मी भरवायला गेले तेव्हा हात गार होता, तोच हात.

माणसं जमली. कुणी मडकं आणायला गेलं, कुणी कापड. दाराशी उभ्या असलेल्या एका नातेवाइकाला दाराआडचे बांबू दिसले. दोन होते, मापाचे होते, तासलेले होते. ‘हे काय, घरातच आहेत की,’ म्हणून त्याने एक बाहेर ओढला.

माझ्या घशातून आवाज फुटायच्या आत नणंद उठली होती. आईच्या उशाशी बसलेली ती, केस मोकळे, डोळे सुजलेले. तिने त्याला दोन्ही हातांनी असा ढकलला की तो चपलांच्या ढिगात पडला.

‘ते ठेव! ते जिवंत माणसांचे आहेत!’

बांबू तिने स्वतःच्या हाताने परत दाराआड उभा केला. बाजारातून दुसरे आणवले. ते यायला वेळ लागला, तोवर आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना बसून होतो. मग तिला बांधली, उचलली. दारातून काढताना पुढच्या माणसाने विचारलं, ‘डोकं कुठल्या बाजूला?’ 

नणंदेने माझ्याकडे बघितलं.

‘पाय पुढे,’ मी म्हटलं, आणि मला जे रडू फुटलं ते त्या बाईसाठी होतं, जिने मला लाटण्याने मारलं होतं.